कलमांच्या बागेत टॉवर येतोय असं कळलं तर

आमच्या वाडीत ही बातमी पोकलेनने आणली. शिमगा होऊन आठवडा झाला होता. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, हापूसच्या बागेचा गडगा (दगडी कुंपण) एका सकाळी आडवा झालेला दिसला आणि दुपारपर्यंत चाळीस वर्षांची कलमं कापून बाजूला रचून झाली. संध्याकाळी देवळासमोर सगळे जमलो. राग खूप होता, हातात कागद एकही नव्हता. पुढचे चार महिने आम्ही बॅनर लावले, निवेदनं दिली, एकदा मोर्चा नेला. तोवर जोतं झालं, पहिला स्लॅब पडला. ती इमारत आज उभी आहे. तिच्या खालच्या अंगाला आमची विहीर आहे, तिचं पाणी आता कुणी पीत नाही.

तीन वर्षांनी शेजारच्या हिश्श्यात दुसरा प्रस्ताव आला, सात मजल्यांचा. त्या वेळी आम्ही मोर्चापासून नाही, टेपपासून सुरुवात केली. आधी रस्ता मोजला, मग पाणी मोजलं, मग अर्ज लिहिले. तिथे आज चार मजले आहेत, सांडपाण्याची व्यवस्था आहे आणि पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, मोकळा वाहतो.

रत्नागिरीला लागून नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, खेडशी, शिरगाव. चिपळूणला लागून खेर्डी. अलिबागला लागून चेंढरे, वेश्वी. अशा सगळ्या गावांत आज थोड्याफार फरकाने हेच चाललं आहे. नाव गावाचं, गर्दी शहराची. ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी, आम्ही जे उशिरा शिकलो ते क्रमाने लिहितो.

घाई कशाची करायची

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा यातला मुख्य कायदा. त्याच्या ५१व्या कलमात दिलेली बांधकाम परवानगी रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार आहे, पण काम बरंच पुढे गेल्यावर तसा आदेश काढता येत नाही. म्हणजे जे करायचं ते जोत्याच्या आत. आमचे पहिले चार महिने जिथे वाया गेले तो काळच खरा मोलाचा होता. बॅनर नंतरही लावता येतो.

दुसरी घाई भूमिका पक्की करण्याची. पहिल्या बैठकीतच ठरवून घ्या: आपला विरोध बांधकामाला आहे की प्रमाणाबाहेरच्या बांधकामाला? माझं मत स्पष्ट आहे. रत्नागिरीत नोकरीला येणाऱ्या परिचारिकेला, शिक्षकाला, बँकेतल्या मुलाला घर लागणारच. आपल्याच मुलांना लागणार आहे. आपलं म्हणणं एवढंच हवं, की रस्ता, पाणी, गटार आणि डोंगर जेवढं पेलतील तेवढंच उभं राहावं. ही भूमिका घेतली की समोरच्या अधिकाऱ्यालाही ऐकावं लागतं, कारण ती त्याच्याच नियमावलीची भूमिका आहे.

आणि ज्याने जमीन विकली त्याला वाळीत टाकू नका. आमच्याकडे बाग विकणारे काका वाडीतलेच. मोहोर सलग तीन वर्षं गेला, घरात आजारपण होतं, मुलं मुंबईला. त्यांच्याशी बोलणं तोडलं तेव्हा आम्ही माणूस गमावलाच, शिवाय खरेदीखतात रस्त्याबद्दल काय लिहून दिलंय हे कळण्याची सोपी वाटही बंद केली. ते पुढे वर्षभराने त्यांनी स्वतःच दाखवलं.

परवानगी देतो कोण

हा प्रश्न साधा वाटतो, पण बहुतेक निवेदनं चुकीच्या टेबलावर जातात. नगर परिषदेच्या हद्दीत असाल तर नगर परिषद. हद्दीबाहेर, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात असाल तर मोठ्या बांधकामाचा विषय जिल्हाधिकारी आणि नगररचना विभागाकडे असतो. गावठाणातल्या लहान घरांपुरता ग्रामपंचायतीचा संबंध येतो. त्यात अलीकडे आणखी एक पदर आला आहे: मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने कोकण किनारपट्टीच्या जिल्ह्यांतल्या १,६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. पनवेलच्या बाजूला नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीचं नियोजन क्षेत्र, आधीपासून आहे. आपल्या गावाच्या नावापुढे आज नेमकं कोणतं प्राधिकरण लागू आहे, हे नगररचना कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. तोंडी उत्तरावर आमचे सहा आठवडे गेले.

कागद गोळा करा

माहिती अधिकाराचा अर्ज करण्याआधी दोन गोष्टी घरबसल्या होतात. पहिली, ‘महाभूलेख’ या सरकारी संकेतस्थळावर सातबारा आणि त्यावरच्या फेरफार नोंदी बघा. कोकणात एकेका सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं असतात. सगळ्यांची संमती झाली आहे का, कुणाचा हिस्सा वगळला आहे का, वहिवाटीच्या वाटेची नोंद इतर हक्कांत आहे का, ते वाचा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला बिनशेतीची वेगळी परवानगी काढावी लागत नाही, त्यामुळे ‘एनए आदेशच नाही’ एवढ्यावर आरडाओरडा करू नका. आधी अंतर बघा.

दुसरी, महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचं, संकेतस्थळ. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील तर विक्रीआधी प्रकल्पाची नोंदणी लागते, आणि त्या पानावर मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जमिनीच्या मालकीचा वकिली अहवाल असे कागद कुणालाही उघडून बघता येतात. जाहिरातीवर क्यूआर कोड असतो, मोबाइल धरला की थेट त्या पानावर जाता. बिल्डर वाडीत येऊन ‘फक्त दोन माळे आहेत’ म्हणत असेल आणि महारेरावर सात दिसत असतील, तर पहिल्याच आठवड्यात हे कळतं.

उरलेल्यासाठी माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून सगळं एका अर्जात कोंबू नका. एक अर्ज परवानगीच्या नस्तीसाठी (फाइलसाठी): मंजूर नकाशे, प्रारंभ प्रमाणपत्र, स्थळपाहणी अहवाल, रस्त्याची रुंदी कशावरून धरली तो कागद. दुसरा ग्रामपंचायतीकडे: या प्रकल्पाला पाणी देऊ, कचरा उचलू असं पत्र कुणी, कोणत्या तारखेला, कोणत्या ठरावाने दिलं. आम्हाला सर्वांत उपयोगी पडला तो हा दुसरा अर्ज. मासिक सभेच्या इतिवृत्तात विषयच नव्हता आणि पत्र मात्र गेलेलं होतं.

नकार आला, ‘त्रयस्थाची माहिती’ असं कारण आलं किंवा उत्तरच आलं नाही, तर ३० दिवसांत पहिलं अपील करा, स्टँप वीस रुपयांचा. त्यापुढचं दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. पण तिथे नंबर लागेपर्यंत इमारत होऊन जाते. म्हणून अर्जात ‘नस्तीची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी’ हेही मागा. पहिल्या तासाला शुल्क नसतं. दोघांनी जावं, एकाने वाचावं, एकाने लिहून घ्यावं.

रस्ता मोजा

संपूर्ण लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली तर सगळीकडे तीच चालते. तिचा गाभा असा, की किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. मूळ एफएसआय, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, साधारण १.१. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर नेहमीच्या प्रकल्पाला त्यावर प्रीमियमचा (पैसे भरून घेतलेला) किंवा टीडीआरचा (दुसऱ्या जागेवरून आणलेल्या बांधकाम हक्काचा) वाढीव एफएसआय मिळत नाही. ९, १२, १५ मीटर अशा पायऱ्यांनी हक्क वाढत जातो. याच्या जोडीला बाल्कनी, जिने, पॅसेज यांसाठी राहत्या इमारतीत ६० टक्क्यांपर्यंतचा पूरक एफएसआय असतो. म्हणूनच ‘एक पूर्णांक एकच एफएसआय आहे’ असं कुणी सांगितलं तरी प्रत्यक्षात दिसणारी इमारत त्याच्या दीडपटीहून मोठी होऊ शकते, तीही नियमात बसून. दहा गुंठ्यांचं गणित करून बघा: १,०११ चौरस मीटर जमीन, त्यावर १.१ ने १,११२, आणि ६० टक्के वाढीने जवळपास १,७८०. सत्तर मीटरचा एक फ्लॅट धरला तर पंचवीस बिऱ्हाडं. हे सर्वांत अरुंद रस्त्यावर. रस्ता कागदावर रुंद झाला की हा आकडा फुगतो.

आता आपला कोकणातला रस्ता आठवा. दोन्ही बाजूंना गडगे, मध्ये पाणंदीचा झालेला डांबरी रस्ता, समोरून एसटी आली तर रिक्षा मागे घ्यावी लागते. आमच्या रस्त्याची नकाशावर रुंदी होती ९ मीटर. एका रविवारी सकाळी आम्ही सातजण ३० मीटरची टेप घेऊन हमरस्त्यापासून प्रकल्पाच्या जागेपर्यंत चालत गेलो आणि अकरा ठिकाणी गडगा ते गडगा माप घेतलं. सर्वांत जास्त ६.४, सर्वांत कमी ४.९. प्रत्येक ठिकाणी टेप धरलेला फोटो काढला, त्यात विजेच्या खांबाचा क्रमांक दिसेल असा. घरी येऊन वाडीच्या कॉलेजातल्या मुलीने एका कागदावर रस्ता काढला आणि अकरा आकडे लिहिले. तो एक कागद आमच्या पंधरा निवेदनांपेक्षा जास्त बोलला.

सरकारी कागदाशीही ताळा घ्या: ग्रामपंचायतीची रस्त्यांची नोंदवही, भूमी अभिलेखाकडचा गाव नकाशा, आणि रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर बांधकाम विभागाकडची नोंद. समोरून एक उत्तर हमखास येईल, की आराखड्यात रुंदीकरण प्रस्तावित आहे. आराखड्यात खरोखर असेल तर तो मुद्दा बिनबुडाचा नसतो, त्यामुळे त्यावर चिडू नका, पुढचे प्रश्न विचारा. रुंदीकरण कोणत्या योजनेत दाखवलं आहे? हमरस्त्यापर्यंत सलग आहे की फक्त प्रकल्पाच्या समोर? त्यासाठी कुणाचे गडगे, कुणाच्या विहिरी जाणार, आणि त्यांना नोटीस गेली आहे का? आमच्याकडे रुंदीकरण फक्त जागेच्या पुढ्यात, तीस मीटर लांबीचं होतं. त्याच्या आधी आणि नंतर पाच मीटर. इथेच सातावरून चारवर आलो.

हेच माप घेताना अग्निशमन बंबाचंही बघा. वळणावर बंब वळेल का, जवळचं केंद्र किती किलोमीटरवर, त्यांच्याकडे किती उंचीची शिडी आहे. यात कुणाशी भांडण नाही. वरच्या मजल्यावर राहायला येणाऱ्या माणसाच्या जिवाचा हा प्रश्न आहे आणि तो त्याच्या वतीने आपणच विचारायचा.

पाणी मोजा, आजच

कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वैशाखात टँकर येतो, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. जांभा सच्छिद्र. सड्यावर पडलेलं पाणी त्यातून झिरपतं, खालच्या अंगाला झऱ्याने, विहिरीने बाहेर येतं आणि बरंचसं फाल्गुनापर्यंत निघून जातं. आपल्या विहिरी त्या झिरप्यावर जगतात. सडा वरून काँक्रीटने झाकला की झिरपा तुटतो, आणि त्याच सड्यावर शोषखड्डा केला की पाण्याच्या वाटेने मैला उतरतो. आमच्या विहिरीचं नेमकं हेच झालं. पण ते सिद्ध करायला आमच्याकडे ‘आधीचं’ काहीच नव्हतं. इमारत येण्यापूर्वी पाणी चांगलं होतं, हे आम्ही सगळे सांगत होतो आणि ते कागदावर कुठेच नव्हतं.

म्हणून प्रस्ताव असो वा नसो, या आठवड्यात वाडीतल्या प्रत्येक विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्या. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवतो. अहवालाची प्रत मागून घ्या, जपून ठेवा. दर महिन्याच्या एक तारखेला दोरी सोडून पाण्याची पातळी मोजा आणि वहीत लिहा. आमच्या वाडीत हे काम दोन सासू-सुनांनी उचललंय आणि एक महिना चुकलेला नाही. वहीला खर्च काही नाही, पण सुनावणीत तिच्याइतकं वजन दुसऱ्या कशालाच आलं नाही.

मग प्रकल्पाच्या पाण्याचं गणित मांडा. शंभर फ्लॅट, घरटी चार माणसं, शहरी निकषाने माणशी १३५ लिटर: दिवसाला ५४,००० लिटर. दहा हजार लिटरचे साडेपाच टँकर, रोज. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला ५५ लिटर धरलेले आहेत. म्हणजे ही एक इमारत ९८० गावकऱ्यांच्या वाट्याचं पाणी मागते. त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर येणार, ४३,००० लिटर, रोज. ते कुठे जाणार हा प्रश्न याच आकड्यासह विचारा. ‘पाणीटंचाई होईल’ असं लिहिलेलं निवेदन नस्तीत जाऊन बसतं. ‘४३,००० लिटर सांडपाणी कोणत्या गटारात सोडणार, त्या गटाराचा नकाशा द्यावा’ या वाक्याला कुणाला तरी उत्तर लिहावं लागतं.

बोअरवेल मारणार असं सांगत असतील तर भूजल कायदा हाताशी ठेवा. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही. वाडीची नळपाणी योजना ज्या विहिरीवर आहे तिथून जागेचं अंतर मोजा आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला लेखी कळवा.

उतार, पऱ्या, खाडी

१:५ पेक्षा तीव्र उतारावर, म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटरहून जास्त चढ असेल तिथे, बांधकामाला मनाई आहे. डोंगर आधी कापून सपाट करायचा आणि नंतर सपाट जागेचा नकाशा द्यायचा, असंही होतं. त्यामुळे पोकलेन लागण्याआधीचे फोटो हवेत. जुने उपग्रह नकाशे गुगल अर्थवर वर्षानुसार बघता येतात. डोंगर कापून निघालेला चिरा, माती, मुरूम हे गौण खनिज आहे, त्याला महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधन लागतं. विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. तलाठ्याकडे तक्रार द्या, पंचनामा मागा, प्रत घ्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं, त्याच दिवशी चिपळूण पाण्याखाली होतं. आपल्या जिल्ह्यांत डोंगराच्या आणि पाण्याच्या वाटेबद्दल बोलायला दुसरा दाखला शोधावा लागू नये.

पऱ्या नकाशात दिसत नाही म्हणून ‘नाहीच’ असं होतं. पावसात व्हिडिओ काढून ठेवा. आषाढातला पऱ्या माघात दाखवता येत नाही.

समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत आणि खाडीकाठी सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, लागतो. सध्याची अधिसूचना जानेवारी २०१९ ची. ग्रामीण किनाऱ्यावर दाट वस्तीच्या भागात भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्तीत २०० मीटर ना-विकास पट्टा आहे. दाट-विरळ ठरवायचा निकष २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २,१६१ माणसं. खाडीला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते. कांदळवनाची तोड किंवा खाजणात (खाडीकाठच्या खारजमिनीत) भराव दिसला तर महसूल खातं आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष, दोघांनाही कळवा. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्यात भराव पूर्ण होतो.

प्रकल्पाचं एकूण बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागते. एकाच जागेवर ‘टप्पा एक’, ‘टप्पा दोन’ असं दिसलं तर सगळ्याची बेरीज करा.

ग्रामसभा आणि मुंबईकर

ग्रामसभेच्या ठरावाने परवानगी आपोआप रद्द होत नाही. कुणी तसं सांगून तुमच्या आशा वाढवत असेल तर विश्वास ठेवू नका. तरीही ठराव हवा, कारण पाणी देणारी, कचरा उचलणारी आणि रस्ता सांभाळणारी ग्रामपंचायतच आहे, आणि तिचं लेखी म्हणणं पुढे प्रत्येक कार्यालयात व कोर्टात वाचलं जातं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर आणा. आयत्या वेळच्या विषयात ढकलला गेला तर गोंधळात बुडतो. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते, लागतात. आदल्या महिला ग्रामसभेत पाण्याचा विषय मांडा. आमच्याकडे पुरुषांच्या सभेत राजकारण शिरलं. बायकांच्या सभेत विहिरीची वही फिरली आणि ठराव एकमताने झाला.

ठराव लिहिताना ‘टॉवरला विरोध’ एवढंच लिहू नका. रस्त्याची मापं, पाण्याचे आकडे, ‘या प्रकल्पास पाणीपुरवठ्याची हमी ग्रामपंचायत देऊ शकत नाही’ हे वाक्य, आणि आधी दिलेलं पत्र मागे घेत असल्यास तसं स्पष्ट.

अर्धी वाडी मुंबईत असते. सातबाऱ्यावरची नावं त्यांची, सह्या त्यांच्या, आणि मंत्रालयात कामाला असलेला कुणीतरी त्यांच्यातलाच. गणपतीत किंवा शिमग्यात चाकरमानी येतात तेव्हा बैठक लावा. आरतीनंतरचा अर्धा तास पुरतो. पालखी ज्या वाटेने फिरते ती वाट मोजलेली दाखवली की वेगळं समजवावं लागत नाही. मुंबईच्या मंडळाला दोनच कामं द्या: मुंबईतल्या कार्यालयांचा पाठपुरावा आणि वकिलाच्या फीची वर्गणी.

आणखी एक गट आपण विसरतो: आधीच्या इमारतीत राहायला आलेली माणसं. आम्ही त्यांना वर्षभर ‘ते फ्लॅटवाले’ म्हणत होतो. नंतर कळलं, मे महिन्यात टँकरचे पैसे सर्वांत जास्त तेच भरत होते. दुसऱ्या प्रस्तावाच्या वेळी आमच्या हरकतींवर त्यांच्या सोसायटीची सही होती आणि आकडेमोड त्यांच्यातल्याच एका निवृत्त अभियंत्याने तपासून दिली.

हरकत कशी लिहायची

लहान लिहा, एका पानात. वर सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, गाव, परवानगीचा क्रमांक व तारीख. मग एकेका मुद्द्याला तीनच गोष्टी: वस्तुस्थिती, पुरावा, मागणी. आमच्या अर्जातला रस्त्याचा परिच्छेद असा होता:

‘मंजूर नकाशात पोहोच रस्त्याची रुंदी ९ मीटर दर्शविली आहे. आम्ही अकरा ठिकाणी केलेल्या मोजणीत ती ४.९ ते ६.४ मीटर आढळली (तक्ता व छायाचित्रे सोबत). तरी आपल्या कार्यालयामार्फत अर्जदारांच्या उपस्थितीत संयुक्त स्थळपाहणी करावी व तोपर्यंत पुढील बांधकामास स्थगिती द्यावी.’

‘अर्जदारांच्या उपस्थितीत’ हे दोन शब्द विसरू नका, नाहीतर पाहणी होऊन गेल्याचं पत्रानेच कळतं. प्रत्येक अर्जाची पोच घ्या: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. उत्तर नाही आलं तर लोकशाही दिनात, म्हणजे दर महिन्याच्या सरकारी तक्रार सुनावणीत, न्या; तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी.

विकास आराखड्याचं किंवा त्यातल्या फेरबदलाचं प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकतींसाठी मोजकेच दिवस असतात. ती नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर लहान टाइपात येते. वाडीतल्या एकाने रोज जाहिरातींचं पान वाचायचं, एवढं काम वाटून द्या. बागायतीचा पट्टा रहिवासी होतो तो तिथे, पोकलेनच्या कित्येक वर्षं आधी.

व्हॉट्सॲपवर काय लिहायचं हेही ठरवा. ‘अमक्याने पैसे खाल्ले’ असा एक मेसेज पुढे गेला की बदनामीची नोटीस येते आणि सगळी वाडी बचावात जाते. आमच्या गटात नियम होता: कागदाचा फोटो टाका, मत टाकू नका. मोर्चा काढायचा असेल तर आधी पोलिस ठाण्याला लेखी कळवा, जमावबंदीचा आदेश चालू आहे का ते विचारा. कामावरच्या मजुरांशी वाद नको. ती माणसं पोटासाठी लांबून आलेली असतात.

कोर्टाची पायरी

परवानगी नाकारली तर अपिलाचा हक्क कायद्याने अर्जदाराला, म्हणजे बिल्डरला दिला आहे. शेजाऱ्याला तसा हक्क नाही, आणि या कायद्याखालच्या आदेशांना दिवाणी कोर्टात आव्हान देणंही अवघड. त्यामुळे बहुतेक वेळा उच्च न्यायालयात रिट याचिका हाच मार्ग उरतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आहे. रायगड, पालघरचे लोक मुंबईलाच जातात. खर्चात आणि दिवसांत याने मोठा फरक पडला.

विषय पर्यावरणाचा असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. पर्यावरण मंजुरीविरुद्धचं अपील ३० दिवसांत; सबळ कारण दिलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत. त्यानंतर दार बंद. नुकसानभरपाई मागत नसाल तर शुल्क एक हजार रुपये. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. आमच्या दोन्ही अर्जांत पहिलं नाव वाडीतल्या आजींचं होतं ते याच कारणाने, आणि शिवाय विहिरीवर पहिला हक्क त्यांचाच होता.

कोर्टात जाण्याआधी वरची सगळी कामं झालेली हवीत. न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतात, ‘प्राधिकरणाकडे गेला होतात का, केव्हा?’ पोचपावत्यांची फाइल तेव्हा उघडायची.

तोडगा निघाला तरी

मजले कमी झाले, अटी मान्य झाल्या, की वाडी सैलावते. तिथेच अटी विरतात. बैठकीत कबूल केलेलं सांडपाण्याचं संयंत्र, पऱ्यापासून सोडायचं अंतर, पावसाचं पाणी जिरवण्याचे खड्डे, हे सगळं सुधारित नकाशावर उमटलं आहे का ते बघा. इतिवृत्तात असून भागत नाही. जोते तपासणीच्या वेळी जाऊन अंतरं मोजा. भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी या अटींची पूर्तता तपासावी, असं पत्र प्राधिकरणाला आधीच देऊन ठेवा, कारण एकदा माणसं राहायला आली की बिल्डरवर धरायला काही उरत नाही. काम निकृष्ट दिसलं तर तेही लिहून कळवा. महाडची पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली, सोळा माणसं गेली, आणि ती इमारत काही फार जुनी नव्हती.

आमच्याकडे चार मजल्यांच्या त्या इमारतीत पहिलं बिऱ्हाड आलं तेव्हा सासू-सुना दोघी वही घेऊन गेल्या, त्यांना विहीर दाखवली आणि एक तारखेची दोरी त्यांच्या मुलाच्या हातात दिली. आता पातळी तोच लिहितो. या वैशाखात चार हात पाणी होतं.